कपाटाची पाठ

कपाट दुकानात पाहू नये, टेम्पोत चढताना पाहावं. दुकानात ते भिंतीला टेकून उभं असतं, आरसा पुसलेला, हँडलवरचं प्लास्टिक तसंच, आणि गिऱ्हाईक येतं ते समोरूनच. टेम्पोत चढवताना दोन माणसं त्याला आडवं करतात, वळवतात, तेव्हा कुठे पाठ दिसते. लग्नसराईत घोटावडे फाट्यावर, पौड रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं तर हे दर्शन फुकट होतं. मुळशी तालुक्यातल्या लग्नांत मांडवाच्या एका अंगाला कपाट, पलंग, गादी, ड्रेसिंग टेबल आणि भांडी मांडून ठेवायची रीत अजून आहे. पाहुणे जेवण उरकून त्यावरून नजर फिरवतात. एखादे मामा कपाटाच्या दारावर टिचकी मारून आवाज ऐकतात आणि काही न बोलता पुढे सरकतात. मामांचा कान तयार असतो, जागा चुकते. टिचकी पाठीवर मारायची.

फर्निचर पूर्वीसारखं राहिलं नाही, हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की त्यातून काहीच हाताला लागत नाही. पूर्वीचं म्हणजे कुठलं? आणि बिघडलं ते नेमकं कुठे? लाकूड गेलं नि भुसा आला, एवढं उत्तर मला पुरत नाही. भुशाचं चांगलं कपाट होऊ शकतं आणि सागाचं टाकाऊ. पैसे प्रत्येक कारागीर वाचवतो, वाचवायलाच हवेत. कुठे वाचवले, यावर त्याची पारख होते.

घोटावड्याच्या गावठाणातल्या एका जुन्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, सागवानी कपाट आहे. दोन दारं, प्रत्येक दारात वर-खाली दोन दिलहे, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, तळाशी एक लांब ड्रॉवर. आधी दार पाहू. दोन उभ्या पट्ट्या आणि तीन आडव्या, अशी चौकट. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढलंय, उभीला आरपार भोक पाडलंय, आणि कुसवाचं टोक पार पलीकडच्या कडेला येऊन थांबलंय. दार उघडून कडेवरून बोट फिरवलं की तो चौकोन लागतो. त्याच्या आजूबाजूचं लाकूड उभ्या रेषेचं, तो मात्र कापलेल्या टोकाचा, म्हणून रंगाने गडद. सांध्यातून एक लाकडी खिट्टी ठोकली आहे. साऱ्या चौकटीत लोखंडाचा खिळा नाही.

दिलहे मात्र असे जखडलेले नाहीत. चौकटीच्या खाचेत नुसते सरकवलेत, सरससुद्धा लावलेला नाही. नवख्याला हा आळस वाटेल. पण लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं, आणि मुळशीच्या हवेत बरंच बदलतं. ताम्हिणी घाटाकडून येणारा पाऊस चार महिने घरातली हवा ओली ठेवतो, नंतर वैशाखात तीच हवा कोरडीठाक होते. रुंद फळी चारी बाजूंनी जखडली असती तर श्रावणात तिने चौकट फोडली असती, नाहीतर उन्हाळ्यात स्वतः चिरली असती. म्हणून तिला खाचेत हलायला जागा ठेवली. हे कपाट वैशाखात पाहावं. दिलह्याच्या कडेला दोऱ्याएवढी फिकी रेघ दिसते. ते लाकूड एरवी खाचेत दडलेलं असतं, तिथे पॉलिशचा बोळा कधी पोचलाच नाही. पाऊस लागला की रेघ आत जाते. पुढचा उन्हाळा, पुन्हा बाहेर. दरवर्षीचं फुगणं-आवळणं असं आधीच हिशेबात धरून केलेलं काम पाहिलं की त्या सुताराला नमस्कार करावासा वाटतो.

ड्रॉवर ओढून बाजूने पाहिला तर सांध्याचे दाते दिसतात, टोकाला रुंद, मुळाशी अरुंद. हल्लीचे सुतारही त्याला डव्हटेलच म्हणतात. ड्रॉवर ओढताना सगळा ताण दर्शनी फळीवर येतो, आणि हा सांधा ओढाल तितका घट्ट धरतो. दात्यांच्या मुळाशी एक बारीक आडवा ओरखडा अजून आहे. कापण्याआधी आखलेली खूण ती. घासून काढता आली असती, कुणी काढली नाही. आतल्या बाजूला पटाशीने मारलेले टोचे आहेत. एका फळीवर दोन, तिच्या जोडीदारावर दोन. कुठली कुठे बसायची, त्याची नोंद.

आता पाठ. भिंतीपासून ओढायला तीन माणसं लागली. पाठीला पॉलिश नाही. रंध्याच्या लाटा हाताला लागतात. फळ्या एकसारख्या रुंद नाहीत, दोघींना गाठी आहेत, एकीच्या कडेला सालीलगतचा पांढरा, कच्चा भाग तसाच ठेवलाय. म्हणजे जुन्या सुतारानेही काटकसर पाठीवरच केली! उगाच त्याला संत करायला नको. चांगलं लाकूड पुढे, उरलंसुरलं मागे, हा व्यवहार त्यालाही कळत होता. पण त्याने मागे घाम वाचवला, जोर वाचवला नाही. मुळात त्या पाठीला फारसं काम नव्हतंच. कपाट काटकोनात उभं होतं ते कुसवांच्या बळावर. पाठ धूळ अडवायची, उंदीर अडवायची, बस्स. पाठ काढून टाकली तरी ते कपाट हललं नसतं. जिथे भार नाही तिथे काटकसर, ही खरी अक्कल.

आणखी एक गोष्ट त्याच पाठीवर वाचता येते. उजवा मागचा पाय दुसऱ्या लाकडाचा आहे. वाळवी लागली असणार. जुना पाय वीतभर वर कापून तिथे तिरका सांधा घेऊन नवा जोडलाय. दारांच्या बिजागऱ्या एकदा बोटभर खाली सरकल्यात, आधीच्या भोकांत लाकडाच्या बारीक गुटक्या ठोकून ती बुजवली आहेत. हे दुसऱ्या कुणाचं तरी, नंतरच्या काळातलं काम. ते शक्य झालं कारण पहिल्याने उघडता येईल असंच जोडलं होतं. खिट्टी मागून ठोकली की निघते. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा, गरम करून लावायचा. पुन्हा ऊब आणि ओल मिळाली की तो सोडतो. 1959 साली फेव्हिकॉल आलं आणि सरसाची घाण वासासकट सुतारांच्या आयुष्यातून गेली. ते बरंच झालं. सरसाचं भांडं चुलीवर सांभाळणं सुखाचं नव्हतं. पण नवा सांधा एकदा धरला की सोडत नाही, उघडायचा तर फोडायचा. दुरुस्तीची एक वाट तिथेच बंद झाली, आणि त्याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

एवढं गुणगान पुरे. कारण घोटावड्यात असली कपाटं होती किती? पाटलांकडे असेल, एखाद्या इनामदाराकडे असेल. बाकीच्या घरांत कपड्यांना वळणी आणि खुंट्या, किडुकमिडुकाला कोनाडा आणि लग्नात आलेली पत्र्याची ट्रंक. जुन्या वस्तू टिकाऊ होत्या असं आपण म्हणतो ते टिकलेल्या वस्तू पाहून. ज्या मोडल्या त्या चुलीत गेल्या, त्यांची बाजू मांडायला कुणी उरलं नाही. आणि सागही काही अंगणात उगवत नाही. उत्तम साग पिकायला दोन पिढ्या जातात. 2014 मध्ये म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला कसला मान मिळतो ते 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येला लाकूड गेलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्या सागाचं कपाट लग्नात द्यायचं तर बापाला गुंठाभर जमीन काढावी लागेल.

मुळशीच्या घरात खऱ्या अर्थाने कपाट आणलं ते पत्र्याने. गोदरेजने पोलादी कपाट पहिल्यांदा 1923 साली केलं. पुढे ते इतकं रुजलं की तालुक्या-तालुक्यात फॅब्रिकेशनवाल्यांनी त्याच घाटाची कपाटं वळायला घेतली: वर लॉकर, त्यात चोरकप्पा, डावीकडे साड्यांचे कप्पे, उजवीकडे हँगरची दांडी, दारावर उभा आरसा. वाळवी नाही, उंदीर नाही, कुलूप भरवशाचं. शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची, सोन्याची आणि शाळेच्या दाखल्यांची पहिली सुरक्षित जागा ती हीच. या वस्तूला कुणी कलावस्तू म्हणत नाही, मी म्हणतो. सपाट पत्रा हाताने वाकतो, त्यालाच कडेने दोन घड्या घातल्या की माणूस उभा राहिला तरी वाकत नाही. सगळी करामत घडीत आहे. जुन्या चांगल्या कपाटाच्या दाराची कड पाहा. पत्रा आत वळतो, पुन्हा वळतो, आणि दारामागे उभी पन्हाळी मारलेली असते. पाठीलाही तशाच एक-दोन पन्हाळ्या.

काटकसर शिरली ती गेजमधून. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. 20 गेज म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर, 22 म्हणजे 0.7, आणि 24 म्हणजे जेमतेम 0.56. वीसवरून चोविसावर आलं की जवळजवळ चाळीस टक्के पोलाद वाचतं. रंग चढल्यावर फरक डोळ्यांना दिसत नाही. पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. चाळीस टक्के पत्रा गेला की ताकदीचा पाव हिस्साही उरत नाही. हे गणित बनवणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं, म्हणून दाराला तो 22 गेज लावतो, कारण मामा टिचकी तिथे मारणार. पाठीला 24, आणि पन्हाळी रद्द.

आता या कपाटाची पाठ सागवानी कपाटासारखी बिनकामाची नाही. इथे सगळा डोलारा पाठीच्या पत्र्यावर काटकोनात उभा असतो. घरची फरशी थोडी जरी उंचसखल असली की कपाट अंगात पीळ धरतं, पातळ पाठ तो अडवू शकत नाही, दोन दारांची वरची टोकं एका रेषेत राहत नाहीत. हँडल फिरवल्यावर वर, खाली आणि मध्ये जे दांडे बसायचे, त्यातला वरचा भोक चुकतो. मग घरोघरी दिसणारं ते आसन: डावा हात दारावर, गुडघा खालच्या कोपऱ्याला, उजव्या हाताने हँडल. सासूबाई सुनेला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून बरेच जण हे निभावून नेतात, आणि खरं सांगायचं तर पुठ्ठ्याचा उपाय अगदी बरोबर आहे. दोष त्या कोपऱ्यातच असतो.

रंगाचंही तसंच. पावडर कोटिंगच्या आधी पत्रा तेल काढायला, गंज काढायला, फॉस्फेटचा थर द्यायला आणि मधेमधे धुवायला, अशा एकूण सात टाक्यांतून न्यायचा असतो. घाई झाली की टाक्या गाळल्या जातात. पावडर वरून तशीच देखणी बसते, दोन पावसाळ्यांनी पापुद्रा धरते. पहिला फोड कुठे येतो? मागे, खालच्या कडेला, भिंतीची ओल लागते तिथे.

हिंजवडी-माणच्या बाजूला घरं वेगळी आणि कपाटंही वेगळी. तिथला वॉर्डरोब खोक्यातून येतो, खोक्याला चपट्या आकाराची शिस्त आहे. 1956 साली आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनने मेज गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि तिथून सुट्या भागांचं फर्निचर सुरू झालं, अशी गोष्ट ती कंपनी सांगत आली आहे. डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला त्यांचं दुकान उघडलं, पण त्याच्या कितीतरी आधी ती पद्धत आपल्याकडच्या कारखान्यांनी उचलली होती. ट्रकमध्ये हवा भरून नेण्यापेक्षा फळ्या भरून नेणं स्वस्त, यात वाद नाही. भुशाची फळी, म्हणजे पार्टिकल बोर्ड, ही तर त्याहून जुनी. 1930च्या दशकात जर्मनीत मॅक्स हिमेलहेबरने ती शोधली ती लाकूड कापताना वाया जाणारा माल वापरात यावा म्हणून. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला उसाच्या चिपाडापासूनही असा बोर्ड होत आला आहे. कल्पना म्हणून मला हे फार आवडतं. ही फळी हलकी असते हाही गैरसमज, चांगल्या बोर्डाची घनता सागाच्या तोडीची असते. शिवाय ती फुगण्या-आवळण्यात दिशा पाळत नाही, त्यामुळे दिलह्यांची सगळी कसरतच नको.

सांध्यांमध्येही चातुर्य आहे. मिनीफिक्स नावाच्या जोडणीचा गोल गड्डू अर्धा फिरवला की आतली दांडी ओढली जाते आणि दोन फळ्या काटकोनात घट्ट. बिजागरीसाठी 35 मिलिमीटरचं भोक, ते यंत्राने पाडलेलं, आणि दार तीन दिशांनी स्क्रूड्रायव्हरने सरळ करता येतं. जुन्या सुताराला हे दाखवलं असतं तर तो हरखला असता.

आणि मग त्याने पाठ पाहिली असती. तीन मिलिमीटरचा पांढरा हार्डबोर्ड, खोक्यात मावावा म्हणून मधोमध घडी घातलेला, बारीक चुकांनी कडेला ठोकलेला. चुका मोजाव्याही लागत नाहीत, हाताने उपटतात. खरी गंमत इथे आहे. मिनीफिक्स फळ्यांना एकमेकींजवळ ओढतं, पण खोकं तिरकं व्हायला निघालं तर त्याला कुसवासारखं अडवत नाही. ते काम या वॉर्डरोबमध्ये पाठ करते. चारी कडांनी पक्की बसवलेली पाठ असेल तर पातळसुद्धा चालते. म्हणजे सगळ्यात मोठं काम सगळ्यात स्वस्त भागाला दिलंय, आणि काटकसरीचा पुढचा फेराही त्याच भागावर येतो. पाच मिलिमीटरचे तीन झाले, स्क्रूच्या चुका झाल्या, खाचेत सरकवण्याऐवजी वरून ठोकणं आलं. शोरूममध्ये हे उभं असेपर्यंत काही कळत नाही. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांनी पॅकर्सवाले येतात, दोघे जण वॉर्डरोब ढकलतात, मागच्या चुका एका बाजूने निसटतात, आणि नव्या घरात दारांमध्ये वर बोटभर फट, खाली दार दारावर. भाडेकरू बिजागरीचे स्क्रू फिरवत बसतो. बिजागरीचा दोष नाहीच.

दुसरी जागा तळ. बोर्डाच्या कापलेल्या कडेला पट्टी चिकटवायची असते. दिसणाऱ्या कडेला ती असते, कधी दोन मिलिमीटरची, बहुधा त्याहून बरीच पातळ. जमिनीला टेकणारी कड उघडीच. फरशी पुसताना तिथे पाणी राहतं, बोर्ड ते खालून वर ओढतो, आणि इंचभर उंचीपर्यंत फुगतो. दिलह्याची रेघ उन्हाळ्यात परत बाहेर येते, हा फुगवटा परत आत जात नाही. भुशाचा कण एकदा गोंदातून सुटला की सुटला. एवढीशी पट्टी खालच्या कडेला लावायला किती खर्च आला असता, याचा विचार करून मला दरवेळी राग येतो. इतर ठिकाणची काटकसर समजते. ही नुसती बेफिकिरी.

बनवणाऱ्याला शिव्या घालून भागत नाही, हेही आहे. गिऱ्हाईक पडद्यावर समोरचा फोटो आणि किंमत, एवढंच पाहतं. पाठीचा फोटो टाकणारा विक्रेता मला अजून भेटायचाय. 2022 साली भारतीय मानक ब्युरोने खुर्च्या, टेबलं, पलंग, साठवणीची कपाटं यांच्यासाठी वेगवेगळी मानकं काढली. कुठल्या जातीचं लाकूड वापरलं यापेक्षा तयार वस्तू भार आणि वापर सोसते का हे तपासणं मला पटतं. प्लायवूडच्या बाबतीत तसं आधीपासून आहे. 710 क्रमांकाच्या मरीन प्लायला 72 तास उकळून पाहायचं असतं. शिक्का बघून प्लाय घेणारं गिऱ्हाईक पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये नेहमी दिसतं. तेच गिऱ्हाईक तयार वॉर्डरोब घेताना मात्र रंग विचारतं.

असा एक तिरका झालेला वॉर्डरोब घोटावड्याच्या अलीकडे एका सुताराने दुरुस्त करताना पाहिला. मूळचा राजस्थानचा, पुण्याच्या साइटवर प्लायची कामं करणारा. त्याने आधी कपाट पालथं घातलं. कोपऱ्या-कोपऱ्यातून टेप लावून तिरकी मापं घेतली, दोन्ही सारखी येईपर्यंत हाताने दाबून सरळ केलं. जुनी पाठ एका ओढीत निघाली. तिच्या जागी सहा मिलिमीटरचा प्लाय, चार-चार इंचांवर स्क्रू. मालक म्हणाले, "फेव्हिकॉल पण लावा की, पक्कं होईल." तो म्हणाला, "नको साहेब, परत खोलायचं झालं तर?" मग फुगलेला तळ. त्यावर त्याच्याकडे इलाज नव्हता. त्याने दोन्ही बाजूंच्या फळ्या खालून इंचभर कापल्या, कापलेल्या कडेला दोनदा ऑइलपेंट मारला, आणि खाली प्लास्टिकचे इंचभर उंचीचे पाय ठोकले. उभं केल्यावर दारं मिटली. पैसे देताना मालकांनी म्हटलं, एवढं सगळं मागेच केलं, पुढून तर काहीच बदललेलं दिसत नाही. सुताराने पंचवीस टक्के ॲडव्हान्स वजा करून बाकीचे मोजून घेतले.